निकोडेमस: चौदा माणसांचं गाव

हा चोवीस नंबरचा हायवे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा वायव्य कोपरा. दोन्ही बाजूंना गव्हाची रानं, त्यापलीकडे गवताळ माळ, आणि वर नजर अडणार नाही एवढं आभाळ. गाडी जरा वेगात असली की निकोडेमस कधी आलं आणि कधी मागे पडलं, कळतही नाही. 2020च्या जनगणनेत इथे 14 माणसं भरली.

जुलैच्या अखेरीला मात्र याच गावात शेकडो माणसं उतरतात. ती का येतात, हे समजायला 1877पर्यंत मागे जावं लागतं.

यादवी युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. गुलामी कायद्याने गेली होती, पण केंटकी राज्यातली कितीतरी काळी कुटुंबं अजून गोऱ्यांच्याच जमिनीवर राबत होती. अशात एक पत्रक हातोहात फिरू लागलं: कॅन्ससला चला, तिथे काळ्या माणसांचं स्वतःचं गाव वसतंय. होमस्टेड कायद्याने 160 एकर सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर होऊ शकत होती. जन्मभर दुसऱ्याच्या रानात घाम गाळलेल्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

सप्टेंबरात तीनशेच्या आसपास माणसं रेल्वेने एलिस स्टेशनवर आली. तिथून पुढे निकोडेमसपर्यंत माळ तुडवत जायचं होतं.

पुढच्या वसंतात विलियाना हिकमन आल्या. त्यांनी म्हातारपणी सांगितलेली आठवण नोंदलेली आहे. बरोबरचे पुरुष आनंदाने ओरडले, आलं निकोडेमस! विलियानांनी डोळे ताणून पाहिलं. गाव काही दिसेना. नवऱ्याने बोट दाखवलं. जमिनीतून ठिकठिकाणी धूर वर येत होता. तेच निकोडेमस. त्यांना रडू कोसळलं.

धूर चुलींचा होता आणि घरं जमिनीच्या पोटात होती. माळावर इमारती लाकूड नाही, म्हणून लोकांनी उतारात खोल्या खणल्या होत्या. जळणाला गव्यांचं वाळलेलं शेण आणि सूर्यफुलाची धाटं. गोवऱ्यांचा धूर ज्यांनी डोळ्यांत घेतलाय, त्यांना त्या घरातली हवा सांगायला नको.

पहिला हिवाळा फार वाईट गेला. काही कुटुंबं तर माळ पाहूनच परत फिरली होती. जी राहिली, त्यांना शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं अन्न दिलं. ज्या ओसेजांना थोड्याच वर्षांपूर्वी कॅन्ससमधून हुसकावलं होतं, त्यांनी! या गावाच्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट सापडली नाही.

मग गाव उभं राहिलं. जेनी फ्लेचर यांनी जमिनीतल्या घरातच मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यांचे पती झॅकरी पहिले पोस्टमास्तर झाले. दहा वर्षांत दोन साप्ताहिकं, बँक, हॉटेलं, चर्च, बेसबॉलचा संघ आणि साहित्य मंडळसुद्धा! गावचे एडवर्ड मॅकेब 1882 साली राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले.

आता हवी होती फक्त रेल्वे. 1887 साली लोकांनी तिच्यासाठी सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर केले. रेल्वे आली, पण 1888 साली, सॉलोमन नदीच्या पलीकडून. तिथे बोग नावाचं नवं गाव झालं आणि निकोडेमसचे दुकानदार एकामागून एक तिकडे गेले. पुढे 1930च्या दशकात दुष्काळ आला, धुळीची वादळं आली. 1953 साली पोस्टही बंद झालं.

एक गोष्ट मात्र मोडली नाही. वेस्ट इंडीजमधली गुलामी 1 ऑगस्ट 1834 रोजी संपवली गेली होती, त्या दिवसाची आठवण हे गाव पहिल्यापासून साजरी करत आलं. पूर्वी झाडीत जत्रा भरायची, मांस भाजलं जायचं, बेसबॉल रंगायचा. आता तिला घरवापसीचा सण म्हणतात आणि ती जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी होते. बाहेर गेलेल्यांची मुलं-नातवंडं या दोन दिवसांसाठी रजा राखून ठेवतात. अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू व्हेरिल स्वित्झर इथेच जन्मले. 1954 साली ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाने त्यांना खेळाडू-निवडीच्या पहिल्याच फेरीत घेतलं. देशभर नाव झालं, तरी त्यांनी इथली शेती सोडली नाही.

हा चुनखडीचा टाउनशिप हॉल, 1939चा. शाळा, दोन चर्च, जुनं हॉटेल आणि हा हॉल, अशा पाच इमारती 1996 साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरल्या. मिरवणूक याच रस्त्यांवरून जाते. रविवारी चर्चमध्ये गाणी होतात, मग जेवण.

संध्याकाळी गाड्या हायवेला लागतात. जूनमध्ये कापलेल्या गव्हाची धसकटं दूरवर पसरलेली. कुठे तरी एक म्हातारा माणूस खुर्च्या घडी करून हॉलमध्ये नेतोय.