पूर्वेकडून येणारं पाणी

सोलापुरात ऑक्टोबर लागला की पावसासाठी माणूस पूर्वेला, हैदराबादच्या बाजूला बघतो. शाळूचं सगळं या परतीच्या पावसावर असतं, त्यामुळं मोबाईलवर सॅटेलाईटचा फोटो उघडून बघणं आता शेतात बांधावर पण चालतं, आणि फोटोत आपल्यावर पांढराशुभ्र ढग दिसतोय पण रानात एक थेंब नाही, असं कितीदा झालंय.

तो फोटो बहुतेक वेळा इन्फ्रारेडचा, म्हणजे उष्णतेच्या किरणांचा असतो. इन्सॅट हा आपला हवामानाचा उपग्रह 36,000 किलोमीटर वरून ढगाचं छप्पर बघतो, ते किती थंड आहे ते सांगतो, पण खाली पाऊस पडतोय का नुसतं वरच बर्फाचं पातळ आभाळ पसरलंय, ते त्यातून नीट कळत नाही ओ.

मायक्रोवेव्ह लहरी टिपणारा उपग्रह मात्र ढगाच्या आत घुसून बघतो. हवेतली वाफ स्वतःच अशा एकदम क्षीण लहरी सोडत असते, उपग्रह त्या फक्त टिपतो. 22 गिगाहर्ट्झ या कंपनसंख्येच्या आसपास समुद्र थंड, काळा दिसतो आणि त्याच्यावरची वाफ उजळ, म्हणजे बंगालच्या उपसागरावरून बाष्पाचा पट्टा कुठं सरकतोय ते सरळ डोळ्यांना दिसतं. 89 गिगाहर्ट्झला वेगळीच गंमत, उंच ढगातलं बर्फ खालून येणाऱ्या लहरी विखरून टाकतं, म्हणून वादळाचा खरा गाभा थंड डागासारखा उठून दिसतो.

अडचण आपल्यासारख्या कोरड्या मुलखात येते. जमीन स्वतःच एवढ्या लहरी सोडते की वाफ त्यात हरवते. तिथं 183 गिगाहर्ट्झ कामाला येतं, आणि मला अभिमान वाटतो की इस्रो आणि फ्रान्सनं 2011 ला सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्सवरचं सफीर हे यंत्र नेमकं याच्यावरच चालायचं, वेगवेगळ्या उंचीवरची आर्द्रता मोजायचं. 2023 च्या मार्चमध्ये तो उपग्रह पॅसिफिकवर खाली आणला.

हे मायक्रोवेव्हवाले उपग्रह इन्सॅटपेक्षा बरेच खालून फिरतात, एकाच जागेवर दिवसातून मोजक्याच फेऱ्या. मधले तास वाऱ्याच्या हिशोबानं जोडून घ्यावे लागतात.

ऑक्टोबर 2020 आठवा. 13 तारखेला सकाळी उपसागरातलं डीप डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, आंध्रातल्या काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागलं, त्या रात्री हैदराबाद बुडालं, 14 ला तेच बाष्प घेऊन ते सोलापूरवर आलं, उजनीतून पाणी सोडावं लागलं आणि पंढरपुरात चंद्रभागा वाळवंट गिळून घाटाच्या पायऱ्या चढत गेली.