बोगद्यातला सांधा

[दृश्य: स्वारगेट, एसटी स्टँडकडून मेट्रोच्या जिन्याकडं जाणारी माणसं]

साताऱ्याहून एसटीनं पुण्याला येणारी आपली बरीचशी माणसं स्वारगेटला उतरतात, आणि 29 सप्टेंबर 2024 पासून तिथंच जमिनीखाली मेट्रो मिळते, मंडई, कसबा पेठ, सिव्हिल कोर्ट करत थेट पिंपरी-चिंचवड. आता बघा, स्वारगेटला सध्या ही लाइन संपते, तरी आलेली गाडी थोड्या वेळात उलटी निघते आणि निघते ती जाणाऱ्या लाइनवरूनच. इंजिन फिरवायची भानगड नाही, दोन्ही टोकांना केबिन आहे. पण एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर ती गेली कुठून? खिडकीतून तर नुसता अंधार दिसतो.

त्या अंधारातल्या जागेला म्हणतात क्रॉसओव्हर.

जमिनीवर क्रॉसओव्हर टाकायला जागा तरी असते, मिरज जंक्शनला पुलावर उभं राहिलात तर सांध्यांचं, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांचं, जाळंच पसरलेलं दिसतं. जमिनीखाली काय होतं, टनेल मशीन दोन वेगवेगळे बोगदे पाडत जातं, एकात जाणारी लाइन, दुसऱ्यात येणारी, आणि मधे माती नाहीतर खडक. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यात गाडी घातली की मधनंच घाटाच्या रस्त्याला लागता येतं का, नाही ना, तसंच आहे हे. दोन लाइन जोडायच्या तर तिथं दोन्ही बोगद्यांएवढी रुंद पोकळी लागते, म्हणून क्रॉसओव्हर शक्यतो स्टेशनला लागूनच करतात, तिथं वरून मोठा खड्डा खणलेला असतोच. तिथं दोन तिरके रूळ एकमेकांना छेदून कात्रीसारखे टाकले की झाला सिझर्स क्रॉसओव्हर. आणि हे सगळं खोदायच्या आधी ठरवावं लागतं, बोगदा झाल्यावर आठवलं तर फार महागात पडतं.

[दृश्य: सांध्याचा क्लोजअप, मोटर, सरकणारा रूळ]

हा सांधा जरा जवळून बघू. टोकाला निमुळता केलेला हा रूळ मोटर सरकवते, किती, तर चार-पाच इंच, काही सेकंदांचं काम. पण नुसता सरकून भागत नाही, तो शेजारच्या रुळाला घट्ट टेकला पाहिजे, लॉक झाला पाहिजे, आणि लॉक झालाय हे सिस्टिमला कळलं पाहिजे. आपल्या रेल्वेत हे तपासायला 5 मिलिमीटर जाडीची पट्टी असते, ती दोन रुळांच्या फटीत धरून सांधा चालवून बघतात, आणि पट्टी मधे असतानाही सांधा लॉक झाला तर तो नापास. मला विचाराल तर अख्ख्या रेल्वेतली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच.

सांधा लॉक झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही, आणि दोन गाड्या एकमेकींवर येतील असे दोन रूट एकाच वेळी देताच येत नाहीत, यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. ते बिघडलं की काय होतं ते देशानं 2 जून 2023 ला ओडिशात बालासोरजवळच्या रेल्वे अपघातात बघितलं, सिग्नल मेन लाइनचा होता आणि सांधा लूप लाइनकडं, म्हणजे बाजूच्या लाइनकडं वळलेला.

आता सिग्नल. आपल्याकडं कोरेगाव, रहिमतपूरला खांबावरचे लाल-हिरवे दिवे बघायची सवय, पण बोगद्यात असे दिवे फार थोडे, मुख्यतः सांध्यांपाशीच. पुणे मेट्रोत आणि मुंबईच्या मेट्रो 3 मधे सीबीटीसी आहे, म्हणजे गाडी रेडिओवरून सतत सांगत राहते मी इथं आहे, या वेगानं चाललीये, आणि कंट्रोलचा कॉम्प्युटर तिला सांगतो तुला कुठपर्यंत जायची परवानगी आहे. पुढची गाडी सरकली की ही हद्दही पुढं सरकते, त्यामुळं गाड्या जवळजवळ चालवता येतात.

पण टोकाला येऊन सगळं अडतं बरं का. गाडी क्रॉसओव्हरवरून पूर्ण पार झाली पाहिजे, मग रूट सुटणार, म्हणजे तो मार्ग मोकळा होणार, सांधा फिरणार, लॉक होणार, मग दुसरी निघणार, आणि तिरकं जाताना वेग कमीच ठेवावा लागतो. म्हणून दर किती मिनिटांनी गाडी सोडता येईल हे बऱ्याचदा बोगद्यातला वेग नाही तर टोकाचा सांधा ठरवतो. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर आता गर्दीच्या वेळी तासाला 36 गाड्या धावतात, म्हणजे 100 सेकंदाला एक, आणि त्यासाठी वॉल्थमस्टो सेंट्रल या शेवटच्या स्टेशनचा क्रॉसओव्हर बदलायला 2015 च्या ऑगस्टमधे लाइनचा तेवढा तुकडा जवळपास तीन आठवडे बंद ठेवला होता. उद्या मेट्रो कात्रजला गेली की स्वारगेटचं गाड्या परत फिरवायचं हे काम तिकडं जाईल.

[दृश्य: मेट्रो 3 चा नकाशा, वरळी ते आचार्य अत्रे चौक]

मधले क्रॉसओव्हर रोज वापरात नसले तरी ते खर्चिक वाटतात म्हणून कमी करू नयेत असं माझं ठाम मत आहे. 26 मे 2025 ला मुंबईत धो-धो पाऊस झाला, आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं, तेव्हा मेट्रो 3 चं ते शेवटचं स्टेशन होतं आणि ते सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. तिथं गाड्या नेणं थांबवलं, पण बाकीची लाइन बंद पडली नाही, आरे ते वरळी गाड्या चालू राहिल्या, कारण शेवटच्या स्टेशनपर्यंत न जाताही गाडी परत फिरवता येत होती.