पर्चीवरचं लॅटिन

श्रोतेहो, नमस्कार. इंदुरातल्या मराठी घरांतही डॉक्टरांच्या चिठ्ठीला पर्चीच म्हणतात. तिच्या माथ्यावर ‘आर’ आणि ‘एक्स’ जोडून काढल्यासारखी खूण असते. तो लॅटिन शब्द ‘रेसिपे’, म्हणजे ‘घे’. हा हुकूम रोग्याला नाही, औषध बनवणाऱ्याला आहे: अमुक अर्क घे, तमुक पूड घे, खल कर. स्वयंपाकातली ‘रेसिपी’ हाच शब्द.

खाली ‘बीडी’ दिसतं. ते ‘बिस इन दिए’, दिवसातून दोनदा. ‘बिस’ आणि संस्कृत ‘द्विस्’ सख्खे भाऊ; ‘दिए’चं नातंही आपल्या ‘दिवसा’शी. दोनदा म्हणजे बारा तासांच्या अंतरानं, सकाळी आठ आणि रात्री आठ. सकाळची राहिली म्हणून रात्री दोन एकदम घेऊ नयेत. ‘टीडीएस’ म्हणजे ‘तेर दिए सुमेंदुम’, तीनदा घ्यायचे. पगारातून कापतात तो वेगळा. अँटिबायोटिक असेल तर सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा असं बसवा. नाश्ता, जेवण आणि चार वाजताचा चहा अशा तीन वेळा धरल्या, तर पुढचे पंधरा तास रिकामे जातात आणि रक्तातलं औषध उतरतं.

जास्त घोळ ‘एसओएस’चा. बुडत्या जहाजाची हाक नव्हे. ‘सी ओपुस सित’, गरज पडली तरच. तापाच्या पॅरासिटामॉलपुढे हे असतं. दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तास हवेत. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ती जवळपास भरते. रोज दारू असेल किंवा लिव्हर दुबळं असेल, तर मर्यादा आणखी खाली. ती डॉक्टरांनाच विचारा. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. ते न मोजता घेतलं की लिव्हरला इजा होते.

आणि ‘ओडी’. गोळीपुढे ते ‘ओम्नी दिए’, रोज एकदा. चष्म्याच्या नंबरात मात्र ‘ओकुलुस देक्सतेर’, उजवा डोळा. गोळी आणि नंबर यांत गल्लत होत नाही. डोळ्यांच्या थेंबांपुढे नुसतं ‘ओडी’ असलं की दोन्ही अर्थ लागतात. तेव्हा पर्ची हातात पडताच, डॉक्टर समोर असतानाच विचारा: कोणत्या डोळ्यात, किती थेंब, किती वेळा? मग दवा बाजारातून बाटली घेताना तेच खोक्यावर मराठीत किंवा हिंदीत लिहून घ्या.