संथ नेटवर्क हाही सर्व्हरवरचा भारच
(नागपुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, ॲपची कामगिरी तपासायची म्हटली की आपल्याकडे बहुधा दोन कामे दोन माणसांकडे सोपवली जातात: एकजण जेमीटरसारख्या साधनाने क्लाउडवरच्या सर्व्हरवर भार टाकतो, तर दुसरा हातात फोन घेऊन ॲप किती भरभर उघडते ते पाहतो. ही दोन कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हेच मला आज आग्रहाने सांगायचे आहे, कारण ग्राहकाचे संथ नेटवर्क सर्व्हरवरचा भार वाढवत असते.

समजा, कळमन्याच्या बाजारात संत्री पाठवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आपण ॲप केले आहे. त्यात मालाचा फोटो चढवायचा आणि भाव पाहायचा. एक फोटो 2 एमबीचा, म्हणजे 16 मेगाबिटचा, आणि लिलावाआधी सेकंदाला असे 20 फोटो येतात. चाचणीचे यंत्र सर्व्हरच्याच क्लाउड रीजनमध्ये, म्हणजे त्याच भागातल्या डेटा सेंटरात बसवले, तर फोटो क्षणार्धात पोहोचतो आणि एका वेळी जेमतेम दोन-चार फोटोच सर्व्हरच्या हातात असतात. तोच फोटो काटोलकडच्या बागेतून 1 एमबीपीएसच्या वेगाने वर जात असेल, तर त्याला 16 सेकंद लागतात. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम असा, की येण्याच्या दराला आत थांबण्याच्या सरासरी काळाने गुणले म्हणजे एका वेळी आत असणाऱ्यांची सरासरी संख्या मिळते. 20 गुणिले 16 म्हणजे 320. सर्व्हरवर जावातली ॲप चालवणाऱ्या टॉमकॅट या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी काम करणाऱ्या थ्रेडची, म्हणजे एकेक विनंती हाताळणाऱ्या कामाच्या धाग्यांची, मूळ मर्यादा 200 आहे. ती भरली, की उरलेले रांगेत उभे राहतात, आणि ज्याला फक्त भाव पाहायचा आहे त्याची चिमुकली विनंतीही त्याच रांगेत अडकते.

यातला घातक भाग पुढेच आहे. हे 200 थ्रेड काहीही गणित करत नसून पुढचे बाइट यायची वाट पाहत असतात, त्यामुळे सीपीयू जवळजवळ रिकामा दिसतो. आणि आपले ऑटोस्केलिंग, म्हणजे भार वाढला की आपोआप नवे सर्व्हर उभे करण्याची सोय, सीपीयूच्या आकड्यावर बांधलेले असेल, तर ग्राहक ताटकळत असतानाही नवा सर्व्हर उभा राहत नाही. टॉमकॅटच्या पुढे एन्जिनएक्स हा विनंत्या आधी स्वतः स्वीकारणारा वेब सर्व्हर ठेवला, तर तो मूळ रचनेनुसार संपूर्ण फोटो स्वतःकडे गोळा करून मगच मागे देतो आणि थ्रेड मोकळे राहतात. मात्र मग त्याच्या जोडण्या आणि डिस्क तपासणे आले.

अंतराचाही विचार करावा लागतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे नागपूर ते मुंबई हे सुमारे 700 किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन कापायला किमान 7 मिलिसेकंद हवेत. हे थोडे आहे. खरा वेळ मोबाइलच्या रेडिओत आणि फोन ते सर्व्हर अशा जाण्यायेण्याच्या फेऱ्यांच्या संख्येत जातो. नव्या जोडणीला टीसीपीची (जोडणी जुळवण्याची) एक फेरी, टीएलएस 1.3 ची (ती सुरक्षित करण्याची) एक आणि विनंतीची एक, अशा तीन फेऱ्या लागतात. कार्यालयाच्या वायफायवर 20 मिलिसेकंदांच्या हिशेबाने त्या 60 मध्ये उरकतात. 200 मिलिसेकंदांच्या मोबाइल जोडणीवर 600 लागतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो लोक जमतात तेव्हा प्रत्येक टॉवरची तीच क्षमता सगळ्यांत वाटली जाते, आणि फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा दिसत असूनही पान उघडत नाही.

अशी परिस्थिती प्रयोगशाळेत आणायला लिनक्समधले नेटेम हे खराब नेटवर्कची नक्कल करणारे साधन पुरते: विलंब, त्यातला चढउतार आणि गळती, म्हणजे वाटेत हरवणारे डेटाचे तुकडे, तिन्ही त्यात ठरवता येतात. मोबाइल जोडणीत हरवलेला तुकडा रेडिओच्या पातळीवरच पुन्हा पाठवला जात असल्यामुळे गळतीपेक्षा विलंबाचा चढउतार अधिक जाणवतो. म्हणून नुसता ठरावीक विलंब लावून समाधान मानू नये. भार टाकणाऱ्या आभासी ग्राहकांतले काही वायफायवरचे, काही चांगल्या 4जीवरचे आणि काही काटोलच्या बागेतले, असे मिश्रण असावे.

आकडे वाचतानाही सावध राहावे. उत्तर आल्याशिवाय पुढची विनंती न पाठवणारे साधन, सर्व्हर 10 सेकंद गोठला तर स्वतःही 10 सेकंद गप्प बसते आणि अहवालात एकच संथ नोंद करते. खरे ग्राहक मात्र त्या काळात येतच राहतात. म्हणून विनंत्या ठरलेल्या दराने येत राहतील अशीच चाचणी लिहावी. के6 या भारचाचणीच्या साधनात ती सोय आहे. सरासरीवर तर मुळीच विसंबू नये. शंभरातली एकच विनंती संथ असली, तरी ॲपचा जो स्क्रीन उघडायला 20 विनंत्या जातात तो स्क्रीन शंभरातल्या सुमारे 18 वेळा रेंगाळतो.

शेवटी पुनःप्रयत्नाविषयी. जोडणी तुटल्यावर सगळे फोन एकाच ठोक्याला पुन्हा धडकले, तर नुकताच उभा राहिलेला सर्व्हर परत कोसळतो. म्हणून प्रत्येक फोनने वाढता, आणि त्यातही थोडा स्वैर, विराम घ्यायला हवा. तो आपल्या ॲपमध्ये खरोखर आहे का, हे पाहण्यासाठी पूर्ण भार चालू असताना सर्व्हर अर्धा मिनिट मुद्दाम बंद करावा, पुन्हा चालू करावा, आणि पुढच्या मिनिटातल्या विनंत्यांचा आलेख सेकंदासेकंदाने तपासावा.