पंचवीस खुर्च्या आणि आलेले अकरा

(हॉलचं दार. ओल्या छत्र्या. खुर्च्या ओढल्याचा आवाज.)

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या एका छोट्या गावातला हा हॉल, गावच्या बँडची आठवड्याची प्रॅक्टिस, आणि आलेत किती तर अकरा. दोन कॉर्नेट, एक टेनर हॉर्न, एक युफोनियम, एक ट्रॉम्बोन, हे झालं पितळ. बाकी दोन फ्लूट, दोन क्लॅरिनेट, एक आल्टो सॅक्स आणि खिडकीपाशी तो उंच मुलगा, बॅरिटोन सॅक्सवाला. आपल्याकडच्या वरातीत क्लॅरिनेट आणि युफोनियम एकाच रांगेत चालतात, कोणाला काही वाटत नाही. इथे मात्र ब्रास बँड म्हणजे ब्रास, लाकडी घराण्यातल्या वाद्याला, म्हणजे फ्लूट, क्लॅरिनेट आणि पितळेचा असूनही सॅक्स, आत जागाच नाही.

(स्टँडवरचा जुना पार्ट, कडा पिवळ्या.)

वाजवायचंय इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचं 'अ मूरसाइड स्वीट', ब्रास बँडसाठीच लिहिलेलं, 1928 सालचं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला नॅशनल ब्रास बँडची स्पर्धा व्हायची, सगळ्या बँडनी एकच रचना वाजवायची, आणि कोणता बँड वाजवतोय ते परीक्षकांना दिसू नये म्हणून त्यांना पडद्याआड बसवायचं. त्या वर्षी हीच रचना वाजवून जिंकला ब्लॅक डाइक, क्वीन्सबरीच्या कापडगिरणीचा बँड. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोनवाला, उजव्या हाताच्या दुखण्याने पियानो सुटला आणि काही वर्षं पोट ट्रॉम्बोनवर चाललं, त्यामुळे फुंकणाऱ्याला श्वास कुठे लागतो हे या माणसाला कोणी सांगायला नको.

पण रचना आहे पंचवीस जणांची. नुसते कॉर्नेटच दहा, त्यातला एक छोटा सोप्रानो. मग फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन हॉर्न, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, चार बास, म्हणजे मोठे ट्यूबा. गिरण्या होत्या, कोळशाच्या खाणी होत्या, तेव्हा एवढी माणसं मिळायची. ग्राइमथॉर्पची खाण 1993 ला बंद झाली, बँड अजून आहे, सगळ्याच गावांचं तसं झालं नाही.

(टेबल, पेन्सिल, खोडरबर, चहाचा मग.)

या अरेंजर बाई, पंचवीस जणांची रचना आलेल्या अकरांच्या वाद्यांसाठी नव्याने लिहून काढणाऱ्या. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे काम चालतं आणि खरी गंमत इथेच आहे. ब्रास बँडमध्ये बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळे ट्रेबल क्लेफ, म्हणजे उंच स्वरांची स्वरलिपी, वाचतात, अगदी बाससुद्धा, म्हणजे उद्या कॉर्नेटवाल्याच्या हातात बास दिला तरी तोच कागद, तीच बोटं. आता बघा, टेनर हॉर्न ई फ्लॅटमधला, म्हणजे कागदावरचा सी वाजवला की निघतो ई फ्लॅट, आल्टो सॅक्सही ई फ्लॅटमधला, तर हॉर्नचा पार्ट आल्टोने जसाच्या तसा वाजवला तरी सूर तोच निघतो. युफोनियमचा पार्ट टेनर सॅक्सला चालतो, ई फ्लॅट बासचा बॅरिटोन सॅक्सला, कॉर्नेटचा क्लॅरिनेटला. फार खालचे काही स्वर सोडले तर एक नोटही हलवावी लागत नाही! शंभर वर्षं ही दोन घराणी शेजारी राहिली आणि भिंतीत दार आहे हे फारसं कोणी बघितलंच नाही, असं मला तरी वाटतं.

अडतं ते फ्लूटला. कॉर्नेटचा लिहिलेला डी फ्लूटसाठी सी करायचा, ते सोपं, पण त्या खालच्या स्वरांत फ्लूटचा आवाज असतो पातळ, सहज दबून जातो. वर सप्तकात न्यावा तर नॉक्टर्नमध्ये, रचनेच्या मधल्या संथ भागात, तो एकटाच चमकायला लागतो. बाईंनी तीनदा खोडलंय, कागद झिजलाय बघा. शेवटी पहिला फ्लूट वर आणि दुसरा खालीच कॉर्नेटला चिकटून.

(पाच रंगांच्या पेन्सिलींनी आखलेला कागद.)

पंचवीस पार्टच्या त्यांनी केल्यात पाच ओळी. प्रत्येक ओळ सी, बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ आणि बास क्लेफ अशी सगळ्यांत लिहून ठेवायची, जो येईल त्याने आपल्या वाद्याचा कागद उचलायचा. अट एकच, कुठलीही ओळ रिकामी राहता कामा नये, म्हणून महत्त्वाचे स्वर शेजारच्या ओळीत बारीक अक्षरात. हॉर्न न्‌ युफोनियमचा तो गोल, एकजीव आवाज सॅक्सने जरा फाटतो, हे खरंय, जुन्या लोकांना ते खटकतं.

आणि हो, हे सगळं मूळ ब्रासच्या पार्टवरून. गॉर्डन जेकब या संगीतकाराने याचं विंड बँडसाठी, म्हणजे पितळ आणि लाकूड एकत्र असलेल्या बँडसाठी, केलेलं अरेंजमेंट आहे, पण त्याचे हक्क (कॉपीराइट) अजून चालू आहेत, होल्स्टचे इंग्लंडमध्ये 2004 ला संपले. खुद्द होल्स्टने नॉक्टर्न तंतुवाद्यांसाठी नव्याने लिहिलं होतंच, शाळेत शिकवायचा ना, जी वाद्यं हाताशी त्यांच्यासाठी लिहायची सवय.

(बॅरिटोन सॅक्सवरची बोटं, अगदी जवळून. समोरच्या कागदावर छापलंय 'ई फ्लॅट बास'.)

चार बासचं काम आज हा एकटा करणार आहे. श्वास कुठे घ्यायचा तिथे त्याने पेनाने टिकल्या मारून ठेवल्यात.

(कंडक्टरचा हात वर.)