गळाच्या गोळ्याला घरचं लिक्विड

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते गळाने मासे धरणाऱ्यांशी, आणि त्यातही रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प) यांच्या मागे तलावावर नाहीतर धरणावर जाऊन बसणाऱ्यांशी. सुरमई-रावसवाल्यांनी तोवर चहा घेऊन यायला हरकत नाही. पिठाच्या गोळ्यात मळायचं किंवा गोळा ज्यात बुडवायचा ते लिक्विड घरी कसं करायचं, एवढाच विषय आहे. बाजारात छोट्या छोट्या बाटल्या मिळतात, स्ट्रॉबेरी काय, व्हॅनिला काय, झाकण उघडलं की खोलीभर घमघमाट, आणि आपण लगेच म्हणतो वा, काय माल आहे! अहो पण तो वास तुम्हाला येतोय, माशाला नाही. माशाला कळायचं तर ते आधी पाण्यात विरघळायला हवं, आणि घरी काय करायचं नि काय नाही ते सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

माशाच्या नाकपुड्या घशाला जोडलेल्या नसतात. पाणी एका भोकातून आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं, त्यात जे विरघळलेलं असेल तेवढाच त्याचा वास. चवीचं म्हणाल तर ती त्याला तोंडात तर कळतेच, पण ओठांवर आणि मिशांवरही कळते. सायप्रिनसला मिशांच्या दोन जोड्या असतात, तळाचा गाळ तो त्याच मिशांनी चाचपत फिरतो. आणि त्याला आवडतं काय, तर प्रथिनं मोडून जे अमिनो अॅसिड तयार होतात ते. अॅलनिन, प्रोलिन, ग्लुटामिक अॅसिड असलेलं खाणं सायप्रिनस आवडीने खातो असं प्रयोगांत दिसलेलं आहे. अजून एक गंमत म्हणजे या सगळ्या कुळाला आपल्यासारखं जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात. त्यामुळे आधीच मोडलेलं, आंबलेलं, पचायला सोपं असं काही दिलं की काम होतं, निदान माझं तरी असं मत आहे.

आता पहिली कृती, जवळ्याची. सुका जवळा साधारण पाव किलो घ्या, मिक्सरमधून काढा (घरात कोणी नसताना काढा, हा सल्ला फुकट). अर्धा लिटर पाणी गरम करा, उकळतं नको, बोट जेमतेम सहन होईल एवढंच. त्यात जवळ्याचा चुरा आणि दोन-तीन चमचे किसलेली कच्ची पपई, सालासकट. मटण मऊ व्हावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो की नाही, तेच काम इथे. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं आणि जवळ्यातला माल पाण्यात उतरतो. पाणी उकळतं असलं तर पपेन मरतं आणि तुमच्याकडे नुसतं जवळ्याचं सार राहतं. पपई नसेल तर ताजा अननस चालतो, डब्यातला नाही, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो, त्यातलं एन्झाइम संपलेलं असतं. हे सगळं मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये पाच-सहा तास ठेवायचं. जुना थर्मास घ्या हं, परत त्यात चहा नेता येणार नाही. नंतर एक चांगली उकळी, मग फडक्यातून गाळून घट्ट पिळून घ्यायचं आणि लिटरला १०० ग्रॅमच्या हिशोबाने मीठ. शेवटची उकळी चुकवू नका, ती नाही दिली तर पपईचं काम चालूच राहतं आणि माल लवकर सडतो.

दुसरी कृती फुकटातली. श्रीखंडाला चक्का टांगला की खाली जे पाणी गळतं, किंवा पनीर केलं की उरतं, ते फेकू नका. त्यात विरघळलेली प्रथिनं असतात, दुधातली साखर असते, आंबटपणा असतो. अशा एक लिटर पाण्याला वाटीभर काकवी घाला आणि भिजवून ठेचलेले मक्याचे दाणे मूठभर. काकवी मिळाली नाही तर काळा गूळ. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत बुडबुडे यायला लागतात, थंडीत जास्त लागतात. वास आंबट-गोडसर आला की झालं. घाण सडका आला, वर रंगीबेरंगी बुरशी आली, तर ओतून द्या, उगाच हळहळू नका. आणि एक, झाकण कधी गच्च लावायचं नाही, काचेची बाटली तर नकोच, आत गॅस धरतो आणि बाटली फुटते. प्लास्टिकची बाटली, झाकण सैल.

बंगालमध्ये हे सगळं आपल्यापेक्षा फार पुढे गेलंय. तिकडे चाऱ्यात, म्हणजे मासे जमवायला पाण्यात टाकतात त्या खाण्यात, एकांगी नावाचा सुगंधी कंद घालतात, मोहाची पेंड, मुंग्यांची अंडी, आणि तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाला राहते ना, आपली बेरी, ती सुद्धा. आपल्याकडे बेरीत साखर घालून पोरं खातात म्हणून माशांपर्यंत पोचतच नाही. पण बेरी गोळ्यात मळायला चांगली, लिक्विडमध्ये नको, कारण तूप. तेल-तुपाचं असं आहे की ते पाण्यात विरघळत नाही, सुटून वर जातं, आणि थंडीत तर गोळ्यातच अडकून बसतं. डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल थिजलेलं आपण बघतोच, मग पहाटेच्या गार पाण्यात ते गोळ्यातून बाहेर कसं येणार? बडीशेपेचं तेल वापरायचंच असेल तर दोन-चार थेंब अंड्याच्या बलकात घोटून मग घाला. हिंग त्या मानाने बरा, गरम पाण्यात कालवला की दुधासारखा पांढुरका होतो, पण चिमूटभरच.

तुमचं लिक्विड कसं वागेल ते घरीच बघता येतं. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात चमचाभर टाका आणि हात न लावता दहा मिनिटं बसून राहा. नुसती काकवी सरळ तळाला जाते आणि तिथून हळूहळू पसरते. पातळ ताक टाकलं तर पांढरा ढग होऊन मध्येच रेंगाळतो. आता कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात खाणारा, मिशा नाहीतच, त्याच्यासाठी ताक-सातूच्या पिठाचा हलका, ढग करणारा गोळा तरंड्याखाली. मृगळ आणि सायप्रिनस तळाचे, त्यांना काकवी-जवळ्याचं जड लिक्विड. रोहू मधल्या थरातला म्हणतात, पण तळाशी पेंडीचा चारा टाकला की तोही खाली येतो. एकच बाटली सगळ्यांना, असं नसतं.

काय घालू नये तेही सांगतो. रोहू-कटल्याची आतडी-कातडी वाटून लिक्विड करणारे काही जण आहेत. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये याच कुळातल्या छोट्या माशांवर दाखवलं होतं, की जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात असं काही सुटतं की बाकीचे घाबरून पळतात. उकळल्यावर त्याचं काय होतं हा वाद तुम्ही घाला, मी तरी घालत नाही. माशांचंच काही हवं असेल तर समुद्रातलं घ्या. आणि तंबाखू मळलेल्या, डासांचं क्रीम लावलेल्या हाताने गोळा मळायचा आणि मग म्हणायचं आज मासा खातच नाही!

प्रमाण विचाराल तर अर्धा किलो कोरडं मिश्रण, म्हणजे कणीक, शेंगदाण्याची पेंड, थोडा रवा, यात नुसत्या पाण्याऐवजी हे लिक्विड वापरा, साधारण अर्धं लिक्विड आणि अर्धं पाणी. काकवी जास्त झाली तर गोळा चिकट होतो आणि गळावर टिकत नाही. चाऱ्यात मात्र सढळ हाताने घाला, पण चारा कमी टाका, लोक घमेलंभर टाकतात, मासे जेवून निघून जातात आणि उरलेलं तळाला सडतं. पवईसारख्या तलावावर जाणार असाल तर आधी परवानगी काढा, आणि तिथे मगरी आहेत, पाण्यात हात धुवायला वाकू नका. पावसाच्या सुरुवातीला रोहू, कटला, मृगळ अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तेव्हा मी गळ घरीच ठेवतो, तुम्हीही ठेवा.

मीठ घातलेलं जवळ्याचं लिक्विड फ्रीजमध्ये महिनाभर आरामात राहतं. फक्त बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, आणि चिंचेच्या कोळाशेजारी ठेवू नका, रंग अगदी तोच असतो.