चाड्यावरची मूठ

नमस्कार श्रोतेहो.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. ती बातमी ऐकली आणि मला आजीचे हात आठवले. माझी आजी शेतकरी होती. हे वाक्य मी मुद्दाम सरळ म्हणते आहे, कारण तिच्या ब्याण्णव वर्षांच्या आयुष्यात तिला कुणी शेतकरी म्हटलेलं मी ऐकलं नाही. शेतकरी म्हणजे आजोबा. आजी त्यांची मंडळी.

मंडळी हा शब्द आमच्याकडे आणखी एका अर्थानं चालतो. आम्ही नेवासे तालुक्यातले ख्रिस्ती. रविवारी उपासनेला जमणाऱ्या सगळ्यांची मिळून होते तीही मंडळीच. अमेरिकन मिशनरी नगरला आले १८३१ साली, आणि पुढच्या काळात या भागातल्या कितीतरी खेड्यांत लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. आमच्या गावची त्यातलीच एक. कौलारू छपराची एक खोली, पुढं कडुनिंब, त्याला टांगलेली घंटा. आजी त्याला चर्च म्हणायची नाही, देऊळ म्हणायची.

त्या देवळात एक जाड नोंदवही आहे. तिच्यात आजीचा जन्म लिहिलेला आहे, नोव्हेंबर १९२६. बाप्तिस्मा, जानेवारी १९२७. तिच्या वयाच्या शेजारणी आपलं वय सांगताना ‘प्लेगाच्या साली’, ‘मोठ्या पुराच्या आधी’ असं काहीतरी सांगायच्या. आजी तारीख सांगायची. तिचं लग्न, तिच्या सात बाळंतपणांतून जगलेली पाच मुलं, सगळं त्या वहीत तिच्या नावानिशी आहे. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव नव्हतं. आयुष्यभर जिथं राबली त्या सहा एकरांच्या कागदावर ती कुठंच नव्हती.

आता ती राबायची म्हणजे काय करायची, ते सांगते. पहाटे चारला जातं. जात्यावर ओवी. आमच्याकडच्या बायकांच्या ओव्यांत येशू सहज येऊन बसलेला असे. ‘पहिली माझी ओवी गं, बेथलेहेम गावाला, गोठ्यात निजला, बाळराजा’, अशी तिची सुरुवात. यात नवल काही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच नगरच्या मुलखात राहून ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली होती. आमच्या देवळात टाळ-मृदंगावर भजन चाले, आणि आजीला कुणी शिकवल्याशिवाय ते सगळं पाठ होतं.

पण तिची खरी विद्या होती पेरणीची. आमचं रान कोरडवाहू. खरिपाला बाजरी, तूर, मटकी, रब्बीला ज्वारी. हस्ताचा पाऊस झाला की ज्वारीची पाभर निघे. पुढं बैल, पाभरीवर आजोबा आणि मागं चाड्यावर आजी. ज्यांनी चाडं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाभरीवर लाकडाचा एक वाडगा असतो, त्याला भोकं, भोकांतून नळ्या खाली फणांपर्यंत जातात. मागून चालणाऱ्यानं ओटीतलं बी मुठीत घ्यायचं आणि बोटांच्या फटीतून त्या चाड्यात सोडत राहायचं. एकराला साधारण चार किलो ज्वारी. मूठ सैल पडली तर दाट उगवतं आणि ओल पुरत नाही. घट्ट पडली तर रानात फुटकं उगवतं, मधेमधे टक्कल. बैलांच्या चालीबरोबर हात चालला पाहिजे, सगळ्या नळ्यांना सारखं बी गेलं पाहिजे, आणि हे दिवसभर, ढेकळांतून चालत. पंधरा दिवसांनी कोंब वर आले की कुणाची मूठ कशी होती ते अख्ख्या गावाला बांधावरून दिसतं. आजीच्या मुठीचं रान ओळीत उभं राहायचं. शेजारचे लोक पेरणीजोगी ओल, म्हणजे घात आली की निरोप धाडायचे, “आमच्या चाड्यावर पण आजींना पाठवा.” ते आधी नारळ फोडायचे. आजी पदर डोक्यावर घेऊन बांधावर उभी राहायची, डोळे मिटून दोन शब्द बोलायची, आणि मग मूठ भरायची. दोन्ही गोष्टी एकाच बांधावर व्हायच्या आणि कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

दुसरी मूठ चुलीपाशी. भाकरीचं दळण काढताना ती प्रत्येक वेळी एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायची. ते देवळाचं. महिनाअखेर मडकं पाळकांच्या घरी जाई. लहानपणी मला ते दान वाटायचं. आजी त्याला दान म्हणत नसे, “आपला वाटा” म्हणायची. जिथं तिचं नाव होतं तिथं तिचा वाटा होता, असं मला आता वाटतं.

आणि हंगामाचा सण. पीक घरात आलं की एका रविवारी सगळे पहिलं फळ घेऊन देवळात येत. ज्वारीच्या कणसांची जुडी, डांगर, मेथीची पेंडी, कोंबडी, अंडी. उपासनेनंतर लिलाव. एक अंडं विकत घ्यायचं आणि परत देवळाला द्यायचं, की पुन्हा बोली सुरू. एकच अंडं पाच-सहा वेळा विकलं जाई.

१९७२-७३च्या दुष्काळात त्या सणाला काही आणण्यासारखं कुणाकडंच नव्हतं. रान उगवलंच नव्हतं. आजी-आजोबा दोघंही खडी फोडायला जात होते. घरात रेशनचा लाल मिलो, पोरांना कामावर मिळणारी सुकडी. आजीनं त्या मिलोतला पावशेर फडक्यात बांधला आणि देवळात नेऊन ठेवला. आजोबा चिडले. घरात पोरं अर्धपोटी, आणि हे काय? ती एवढंच म्हणाली, “रिकाम्या हातानं गेलेलं पोरांनी बघायला नको.” दोघांमध्ये बरोबर कोण होतं हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्या पाच पोरांतले माझे वडील एक. त्यांना भूकही आठवते आणि ते फडकंही आठवतं.

१९७०ला वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली, देवळावरचा फलक बदलला. आजीची जागा तीच, खिडकीखालची सतरंजी. पुढं मुळा धरणाचं पाणी पाटानं आलं आणि उसाचे दिवस आले. उसाला चाडं लागत नाही. कारखान्याचे सभासद आजोबा, पेमेंट आजोबांच्या खात्यावर. घरात पैसा आला हे आजीला आवडलं, पण तिच्या हातातली विद्या रानातून गेली.

आजोबा १९८८ला गेले. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर १९२५चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. त्यानुसार पत्नीला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलगे-मुलींना सारखं. हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. वारसनोंद झाली तेव्हा जमीन मुलग्यांच्या नावावर चढली, आजीचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात गेलं, आणि दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. नाशिक जिल्ह्यात चांदवडला १९८६ साली हजारो शेतकरी बायका अधिवेशनाला जमल्या होत्या. पुढं शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली. १९९२ला सरकारनं त्याच नावाची योजना आणली. नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर. आमच्याकडं अर्ज करायला आजोबाच नव्हते.

आत्यांच्या सह्यांबद्दल आजी कधी मोठ्यानं बोलली नाही. मात्र दर नाताळला दोघी माहेरी आल्या की परत जाताना प्रत्येकीबरोबर ज्वारीचं एक पोतं जायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, “तिचा वाटा.”

ती गेली २०१९च्या मार्चमध्ये, ज्वारी काढणीच्या दिवसांत. पाळकांनी नोंदवहीतून वाचलं, जन्म, बाप्तिस्मा, लग्न, आणि शेवटचा रकाना लिहिला. मग आम्ही कबरस्तानात गेलो. मूठमाती द्यायची वेळ आली. सगळ्यांनी भराभर माती टाकली. थोरली आत्या शेवटी पुढं आली. तिनं ओंजळ केली नाही. एका हातात मूठ भरून घेतली, कबरीच्या कडेनं चालत राहिली आणि माती बोटांच्या फटीतून सारखी सोडत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.